दोन जावा, एक भूमिका

नातवंडांनो,

हे पत्र तुम्हा दोघांना आहे, पण यातलं बरंचसं तुमच्यातल्या मोठीसाठी आहे. रविवारी फोनवर तू मला अभिनयाच्या दोन वर्गांची माहितीपत्रकं दाखवलीस. एका ठिकाणी वर्षभराचा आखीव अभ्यासक्रम आणि शेवटी प्रमाणपत्र. दुसऱ्या ठिकाणी आठवड्यातून तीन संध्याकाळी तालीम आणि वर्षाअखेर लोकांसमोर नाटक. "आजी, यातलं कुठलं घेऊ?" असं तू विचारलंस. मी वही उघडून दोन रकाने आखले. पहिला मुद्दा लिहून होतो न होतो तोच तू म्हणालीस, "थांब, धाकट्या आजीलाच विचारते. तिला कळतं ना त्यातलं."

तू सहज बोललीस. मी वही मिटली आणि तुझ्या आईशी तिकडच्या थंडीबद्दल बोलत बसले.

महिनाअखेरीस तुला अर्ज भरायचा आहे, म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. धाकटी आजी तुला काय सांगणार ते मला ठाऊक आहे. "पोरी, मला काय कळतंय? तुझ्या मोठ्या आजीला इचार, ती शिकल्याली हाय." मग तुम्ही दोघी हसाल आणि विषय तिथेच संपेल. तिला जे येतं ते तिला सांगता येत नाही. मला सांगता येतं, कारण मी एकदा चुकीचा वर्ग निवडला होता, तोही अगदी नीटनेटकेपणानं, विचार करून. ती चूक मला ज्या मत्सरामुळे कळली तो वगळला तर सांगण्यासारखं काही उरत नाही. म्हणून तोही लिहिते.

मी खडकीच्या इंग्रजी शाळेत शिकले. वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली, टायपिंग आणि शॉर्टहँड केलं, आणि पिंपरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं साहेबांची सेक्रेटरी होते. तुमचे आजोबा त्याच कंपनीत टूलरूमला होते. त्यांचं घर महाळुंग्याचं, शेतकऱ्याचं. आमच्या लग्नानंतर वर्षभरानं धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि चाकणजवळच्या एका गावातून, सातवी झालेली, माझी जाऊ घरात आली. तीच तुमची धाकटी आजी.

आम्हाला पिंपरीत क्वार्टर मिळेपर्यंत दोन वर्षं आम्ही दोघी महाळुंग्याच्या घरात एकत्र राहिलो. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की ती नकला करायची. बसचा कंडक्टर, टोचायला येणारी नर्स, बशीतून चहा ओढणारे मामंजी. माझीसुद्धा नक्कल करायची: खुर्चीवर बसण्याआधी मी रुमालानं खुर्ची पुसते ती. सासूबाई डोळ्यांना पदर लावून हसायच्या. त्यांनी मला कधी वाईट वागवलं नाही, पण माझ्यामुळे त्या तशा कधी हसल्या नाहीत.

एकदा मी ठरवून शाळेत बक्षीस मिळालेली इंग्रजी कविता हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवली. शेवटच्या ओळीला माझा आवाज भरून आला. सासूबाईंनी सगळं नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "लई ग्वाड बोलली. पण कुणाला काय झालं?"

धाकटी लगेच म्हणाली, "काय बी झालं न्हाई आत्याबाई. साहेबाला ताप आलाय."

घर हसून हसून आडवं झालं. तुमचे आजोबाही हसले. मी हसण्यासारखं केलं. त्या संध्याकाळपासून धरायचं म्हटलं तर माझा मत्सर चाळीस वर्षांचा आहे. मधली बरीच वर्षं तो नोकरी, मुलं, घर यांच्याखाली शांत पडून होता एवढंच.

पुढे मी निवृत्त झाले, आजोबा गेले, आणि मी रावेतच्या या फ्लॅटमध्ये राहायला आले. धाकटी महाळुंग्यालाच राहिली. तिच्या घराच्या तिन्ही बाजूंना आता कारखान्यांच्या भिंती आहेत. तिचा मुलगा, म्हणजे तुमचा काका, त्यातल्याच एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्यानंच तो विषय काढला.

दर मार्चमध्ये कंपन्यांत सुरक्षा सप्ताह असतो. फलक लागतात, शपथ होते, आणि काही कंपन्यांच्या गेटपाशी, एक शिफ्ट सुटून दुसरी आत जाते तेव्हा, दहा मिनिटांचं नाटक होतं. महाळुंग्याला निवृत्त कामगारांचा एक गट ते करतो. गोष्ट साधी आहे. एक कामगार माल लवकर निघावा म्हणून प्रेसवरचं, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रावरचं, संरक्षक गार्ड काढून ठेवतो आणि त्याचा हात जातो. त्याच वेळी त्याची आई विसरलेला डबा घेऊन गेटपाशी आलेली असते. ही आई इतकी वर्षं एक जाडजूड वेल्डर लुगडं नेसून करायचा. तो आला की शिट्ट्या सुरू व्हायच्या आणि पुढचं कोणालाच ऐकू यायचं नाही. म्हणून त्यांना आता खरीखुरी, वयाची बाई हवी होती.

जेवताना काका म्हणाला, "मोठ्या काकू, तुम्ही करा की. नाहीतर आई, तू कर."

आम्ही दोघी एकदम म्हणालो, "करते."

त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि पुढ्यातल्या आमटीत लक्ष घातलं.

गटाच्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणतात, पण ते कुठे शिक्षक नव्हते. त्यांनी आयुष्यभर प्रेस चालवला. त्यांनी निरोप पाठवला की दीड महिन्यानं दोघींनी गेटवर करून दाखवायचं, जिचं कळेल तिचं काम.

मी सदुसष्ट वर्षांची होते. तीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेले शब्द टाइप केले होते. कंपनीच्या वार्षिक समारंभात नाटक असलं की माझी जागा पहिल्या रांगेत, पाहुण्यांना पाणी विचारायला. मला एकदा स्वतः उभं राहायचं होतं. आणि ही भूमिका तिला मिळू नये असंही वाटत होतं. यातलं कुठलं जास्त वाटत होतं ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

मला शिकायला हवं होतं हे उघड होतं. मी फुलस्केप कागद घेतला आणि तक्ता केला: अंतर, वेळ, शिक्षकाची पात्रता, अभ्यासक्रम, बसण्याची सोय, प्रमाणपत्र. पुण्यातला एक चांगला वर्ग अंतरामुळे गेला. राहिले दोन. एक आमच्या रावेतमध्येच, दुकानांच्या वरच्या मजल्यावर. छापील अभ्यासक्रम, बारा सत्रं, एसी खोली, कॅमेरा, माइक, आणि इंग्रजीतून समजावणारे शिक्षक. दुसरा महाळुंग्याला, मराठी शाळेच्या व्हरांड्यात, संध्याकाळी पाचला. म्हणजे मास्तरांचाच. तिथे अभ्यासक्रम नाही, खुर्च्या नाहीत, प्रमाणपत्र नाही, आणि मास्तरांना ऐकू येत नाही. प्रेसशॉपच्या आवाजात त्यांचे कान गेले होते. शेवटचा मुद्दा लिहिताना मला हसू आलं. ऐकू न येणारा माणूस संवाद काय शिकवणार? मी तक्त्यात त्यांना चार रकान्यांत शून्य दिलं आणि रावेतच्या वर्गात नाव घातलं.

धाकटीनं काही निवडलंच नाही. मी फोनवर विचारलं, "तू कुठे जाणार शिकायला?"

"मला कोण घेतंय शिकायला? हितं शाळंत चालत जाता येतं, तितंच जाते."

आमच्या वर्गात माझ्याशिवाय सगळी विशीतली मुलंमुली होती. मालिकेत काम मिळवायचं हे त्यांचं ध्येय. सगळे मला आंटी म्हणत. शिक्षक तिशीच्या आतले, हुशार आणि मेहनती होते, हे मी मोकळेपणानं सांगते. ते म्हणायचे, "आंटी, मोठं करू नका. कॅमेऱ्याला सगळं दिसतं. डोळ्यांत असलं की पुरे." त्यांनी आम्हाला स्वतःच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख आठवायला सांगितलं. मी तुमच्या आजोबांचा शेवटचा दिवस आठवला. डोळ्यांत पाणी आलं आणि ते बरोबर वाक्याच्या शेवटी ओघळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तारीख घालून वहीत टिपण केलं. पुढच्या वेळी ते पाणी आणखी लवकर आलं. बाराव्या सत्रापर्यंत मला ते हवं तेव्हा आणता येत होतं.

दर दोन दिवसांनी मी धाकटीला फोन करायचे. काळजीनं नाही, चौकशीसाठी.

"आज काय शिकवलं?"

"काय न्हाई. तासभर भाकरी थापली."

"शाळेत पीठ नेलं होतंस?"

"पीठ कुटलं? बिनपिठाची. मास्तर म्हन्ले, पीठ संपत आलंय हे हातानं दाखवा. मी चार डाव थापली, चारी डाव हात वर. न्हाई कळलं."

मी हसले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रिकाम्या ओट्यावर भाकरी थापून पाहिली. मला खऱ्या पिठाचीही धड थापता येत नाही.

दुसऱ्यांदा ती म्हणाली, "आज गेटावर हुबं केलं. नुसतं बघायचं. सुटून येनाऱ्या मानसांकडं."

"आणि?"

"आनि काय? वळखायचं, कोन दमलाय आनि कोन घाबारलाय. जाऊबाई, दमल्याला मानूस पायाकडं बघतो आनि घाबारल्याला गेटाकडं. तुमी बघितलंय का कधी?"

तीस वर्षं मी रोज एका गेटमधून आत गेले आणि बाहेर आले. मी कधी पाहिलं नव्हतं. "हो, पाहिलंय की," असं मी म्हटलं आणि वहीत तिच्या नावासमोर लिहिलं, 'पद्धत नाही.'

नवव्या सत्रानंतर मला राहवेना. निगडीहून बस आणि पुढे रिक्षा करून मी महाळुंग्याला गेले आणि शाळेच्या फाटकाशी उभी राहिले. व्हरांड्यात सहा-सात माणसं होती. मास्तर अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, पायरीवर बसले होते. प्रेसशॉपमध्ये बोललेलं ऐकू येत नाही म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. चहा आला, साहेब येतोय, थांबव, पुढे घे, या सगळ्याला खुणा असतात. मास्तर तसेच शिकवत होते. समोरचा काय बोलतो ते त्यांना कळतच नव्हतं, त्यामुळे शब्दांच्या आड लपायची सोय नव्हती. तेवढ्या लांबून, नुसतं पाहून, त्यांना गोष्ट समजली पाहिजे. समजली नाही की ते हात वर करून म्हणायचे, "न्हाई कळलं." रागावत नव्हते, समजावतही नव्हते. माणूस परत पहिल्यापासून सुरू करायचा.

धाकटी व्हरांड्यात कोणाच्या तरी येण्याची वाट पाहत होती. एवढंच काम होतं. मी फाटकाशी, तिच्या पाठीमागे होते. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. तरी मला तिच्या पाठीवरून कळलं की येणारा माणूस आला नाही, आणि येणार नाही हे तिला आता कळलं आहे. माझ्या पोटात खरोखरच दुखलं. तेव्हाच मला ठाऊक झालं होतं की मी चुकीच्या ठिकाणी नाव घातलं आहे. पण सत्रं तीनच राहिली होती आणि प्रमाणपत्र मिळणार होतं.

तिनं वळून मला पाहिलं. "अगं बया, जाऊबाई! या की आत. आमच्यात घेतो तुमाला."

"नको, सातबाऱ्याच्या कामाला आले होते," मी म्हणाले. सातबाऱ्याचं कुठलंही काम नव्हतं.

ठरलेल्या दिवशी काकानं त्याच्या कंपनीत परवानगी काढली. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. आम्ही तीनला पोचलो. मी स्टार्च केलेली पांढरी साडी नेसले होते, कारण गरीब आईची साडी पांढरी असावी असं माझ्या टिपणात होतं. हातात संवादांची फाइल होती. गेटवर रजिस्टर होतं. मी नाव, वेळ, भेटीचं कारण सगळं लिहिलं. सुरक्षारक्षकानं दोघींना पाहुण्यांचा बिल्ला आणि हेल्मेट दिलं आणि म्हणाला, "पिवळ्या पट्टीच्या आत हेल्मेट लागतं, मावशी. नाटक आत हाय, झेंड्याच्या कट्ट्यापाशी."

धाकटीनं हेल्मेट त्याच्या टेबलावर परत ठेवलं. "मी आत येत न्हाई."

"अवो, जागा तितं केलीय."

"आसंल. आईला कोन आत घेतंय? आई गेटाभायेरच थांबती." आणि ती रस्त्यापलीकडे जाऊन डबा घेऊन बसली.

मला वाटलं, बरं झालं, हिनं जागाच चुकवली. मी बिल्ला लावला, हेल्मेट घातलं, पट्टा हनुवटीखाली आवळला. कंपनीत आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातून नियम मोडत नाही, आणि सुरक्षा सप्ताहाच्या नाटकात तर मुळीच नाही. मी कट्ट्यावर उभी राहिले. भोंगा झाला. माणसं बाहेर येऊ लागली.

आणि ती माणसं शांत झाली. मला पाहून पुढचे थबकले, मागचे रांगेत आले. काहींनी काखेतलं हेल्मेट डोक्यावर चढवलं. मला इतकं बळ आलं! मी शिकवल्याप्रमाणे आवाज खाली ठेवला, सगळं डोळ्यांत आणलं, आणि आईचं मुख्य वाक्य म्हटलं, "त्याचा उजवा हात जागेवर आहे ना? तो डाव्यानं जेवत नाही." पाणी वाक्याच्या शेवटी बरोबर ओघळलं. कोणी हललं नाही. एवढी शांतता मी आयुष्यात मिळवली नव्हती. मला वाटलं, जिंकले.

मग पहिल्या रांगेतला एक कामगार पुढे येऊन अदबीनं म्हणाला, "मॅडम, हेल्मेट समद्यांचं हाय बघा. तेवढं लिवून घ्या."

मागून कोणी तरी म्हणालं, "ऑडिट आज होतं का राव? कुणी सांगितलं न्हाई." आणि आणखी मागून, "मॅडमच्या डोळ्यात धूळ गेली वाटतं."

त्यांना मी मुख्य कार्यालयातून तपासणीला आलेली अधिकारी वाटले होते. पांढरी साडी, बिल्ला, फाइल, पट्टा आवळलेलं हेल्मेट. त्याच्या कडेखाली डोळे कोणाला दिसले असतील? आणि माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही गेला नसेल. कॅमेऱ्याला सगळं दिसतं, पण तिथे कॅमेरा नव्हता.

माणसं गेटबाहेर पडू लागली. रस्त्यापलीकडे धाकटी फडक्याची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती. बाहेर येणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे ती पाहत नव्हती. हातांकडे पाहत होती. एकानं मोटरसायकल थांबवली.

"मावशी, कुणाची वाट बघताय?"

"माझ्या धाकल्याची. प्रेसवर असतोय. डबा इसरला घरी."

"सुटली की शिफ्ट. येईल."

"समदे आले. त्यो न्हाई आला."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग मोटरसायकल वळवली आणि गेटपाशी येऊन रक्षकाला विचारलं, "प्रेसवर काय झालंय का रं आज?" त्याच्यामागून आणखी आले. बघता बघता तिच्याभोवती पन्नास-साठ माणसं जमली. हे नाटक आहे हे ज्याला ठाऊक होतं तो रक्षकसुद्धा खुर्चीतून उठून उभा राहिला. तेव्हा तिनं ते वाक्य म्हटलं. तेच, जे मी म्हटलं होतं. "त्याचा उजवा हात हाय ना जागंवर? त्यो डाव्यानं जेवत न्हाई." मोठ्यानं नाही, पण मला पिवळ्या पट्टीच्या आत ऐकू आलं. एका माणसानं नकळत स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरला.

मास्तर चहाच्या टपरीपाशी उभे होते. त्यांना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी हात वर केला नाही.

नंतर ते माझ्याजवळ आले. "बाई, तुमाला बघून मानसं गप झाली. ह्ये आमाला कधी जमलं न्हाई. नाटकात अधिकारीबाई हाय, भरपाईच्या कागदावर आईचा अंगठा घ्यायला येती ती. ते काम तुमी करा."

"मी आईच्या भूमिकेसाठी आले होते," मी पाटीवर लिहून दाखवावं तसं एकेक शब्द सुटा करून म्हटलं. हेल्मेट परत केलं. रजिस्टरमध्ये बाहेर पडल्याची वेळ लिहिली.

धाकटी रिक्षापर्यंत मागे आली. "जाऊबाई, करा की. दोघी असू."

"तुला जमलं ना? मग झालं," असं म्हणून मी रिक्षात बसले. तिनं त्या दिवशी माझी नक्कल केली नाही. केली असती तर मला बरं वाटलं असतं.

सुरक्षा सप्ताहात त्यांनी आठ गेटांवर नाटक केलं. मी एका ठिकाणी गेले आणि कंपनीच्या बसच्या आडोशाला उभी राहून पाहिलं. मी नकार दिल्यामुळे अधिकारीबाई त्या वेल्डरनंच केली होती. तो साडीत, हातात कागद घेऊन आला मात्र, शिट्ट्या सुरू झाल्या. धाकटीचा सगळा प्रसंग विस्कटला. तुम्हाला खरं सांगते, मला आनंद झाला. थोडाच वेळ, पण झाला.

तिनं डब्याचं झाकण हातात धरलं आणि थांबली. मग शिट्ट्या वाजवणाऱ्यांकडे तिनं असं पाहिलं की जणू त्या शिट्ट्या तिच्या मुलाचा हात गेल्याबद्दलच आहेत. ती नाटकातून बाहेर आली नाही. तो आवाज तिनं नाटकात घेतला. माणसं ओशाळली. एकेक शिट्टी बंद झाली आणि तिनं अंगठा पुढे केला. मी बसच्या आडून पाहत होते. मी जे मोडलं होतं तेही तिनं वापरलं होतं. इतका मत्सर मला त्याआधी कधी वाटला नव्हता, सासूबाई हसल्या तेव्हाही नाही.

पुढच्या मंगळवारी मी महाळुंग्याच्या शाळेत गेले. धाकटीनं सरकून जागा केली आणि म्हणाली, "सातबाऱ्याचं काम निघालं व्हय पुन्यांदा?"

"हो," मी म्हटलं.

मास्तर म्हणाले, "बसा. भाकरी थापा." तीन आठवडे रोज हात वर. न्हाई कळलं, न्हाई कळलं. रावेतच्या वर्गात मला कोणी असं कधी म्हटलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात मी कंटाळून, कोणाला काही दाखवायचं सोडून, नुसती थापली. माझी नेहमी जिथे फाटते तिथे ती फाटली आणि मी बोटानं चिकटवली. मास्तरांचा हात खाली राहिला.

पुढच्या वर्षीपासून मी अधिकारीबाई करते. गेटच्या आतून, हेल्मेट घालून, पिवळ्या पट्टीपर्यंत येते आणि पट्टी ओलांडत नाही. धाकटी बाहेरून अंगठा पुढे करते, मी तो शाईवर आणि मग कागदावर दाबते. दर वेळी तिचा हात माझ्या हातात थरथरतो. तो खरा की केलेला हे मला इतक्या जवळून आजवर ओळखता आलेलं नाही. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "तुमाला काय वाटलं?" जे व्हिडिओ पाहून तुम्ही धाकट्या आजीचं इतकं कौतुक केलंत, त्यात डाव्या बाजूला फाइल धरलेला एक हात दिसतो. तो माझा आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आधी तुला कुठे उभं राहायचं आहे ते ठरव. तुला कॅमेऱ्यासमोर काम करायचं असेल तर माझा रावेतचा वर्ग वाईट नव्हता. त्यातली एक मुलगी आज मालिकेत आहे आणि छान करते. मीच गेटवर उभं राहण्यासाठी तिथे गेले, हा दोष वर्गाचा नाही. अभ्यासक्रमाचा कागद सगळ्यात शेवटी बघ. दोन्ही ठिकाणी एक दिवस जाऊन कोपऱ्यात बस. शिकवणारा माणूस 'कळलं नाही' असं कधी म्हणतो का, आणि म्हटल्यावर शिकणारा काय करतो, ते पाहा. तीन संध्याकाळच्या त्या ठिकाणी पहिला महिना हॉल झाडायला लावतात म्हणून तू नाक मुरडलंस. तेवढ्यावरून ते काढून टाकू नकोस. आणि त्या खोलीत एखादी अशी असली, की तिचं काम बघून तुझ्या पोटात दुखलं, तर तो वर्ग सोडू नकोस. मी सोडून पाहिला. उपयोग होत नाही.

महाळुंग्याच्या शाळेचा तो व्हरांडा आता पाडला आहे. तालीम ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते, मंगळवारी आणि शुक्रवारी, पाच वाजता. मास्तर येतात. आम्ही नऊ जण आहोत. धाकटी आई करते, मी अधिकारीबाई करते, आणि माझ्या पोटात अजून दुखतं.